रेनोची शर्यत आणि म्हातारी लढाऊ विमानं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०१९ च्या सप्टेंबरात मी पहिल्यांदा नेवाडातल्या रेनोला विमानांची शर्यत बघायला गेलो. तेव्हापासून ऑफिसातले, पुण्यातले, व्हॉट्सॲपवरचे सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. दर वेळी नव्याने सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढतो. ज्यांना फक्त वेगाचे आकडे हवेत त्यांनी थेट सातव्या प्रश्नावर जावं. माझा स्वतःचा जीव मात्र शर्यत संपल्यावर या विमानांचं काय होतं, त्यात जास्त अडकलेला आहे.

१. वॉरबर्ड म्हणजे नक्की काय?

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे बांधलेलं, लष्करातून निवृत्त झालेलं आणि आता एखाद्या खासगी माणसाकडे किंवा संग्रहालयाकडे असलेलं, अजूनही उडणारं लष्करी विमान. चौथऱ्यावर उभं करून रंग दिलेलं विमान त्यात धरत नाहीत. शर्यतीत मुख्यतः तीन नावं ऐकू येतात: अमेरिकेचं पी-५१ मस्टँग, अमेरिकन नौदलाचं ग्रमन बेअरकॅट आणि ब्रिटिश नौदलाचं हॉकर सी फ्युरी. मस्टँग पंधरा हजारांहून जास्त बनली. बेअरकॅट त्या मानाने मूठभर, साडेबाराशेच्या आसपास.

ही सगळी पिस्टन इंजिनवाली, पुढे पंखा असलेली विमानं. जेट आलं आणि त्यांची सद्दी एका रात्रीत संपली. बेअरकॅटचं नशीब तर असं की ते महायुद्धासाठी तयार झालं आणि युद्धच संपलं.

२. लढाऊ विमान सामान्य माणसाच्या हाती आलंच कसं?

भंगारात. १९४५ नंतर अमेरिकेकडे हजारो विमानं नुसती पडून होती. पॉल मँट्झ नावाचा चित्रपटांसाठी विमानं उडवणारा वैमानिक होता. त्याने १९४६ मध्ये एका फटक्यात ४७५ लष्करी विमानं विकत घेतली, तीही ५५ हजार डॉलरना. त्यांच्या टाक्यांत उरलेलं पेट्रोल विकूनच बरेचसे पैसे सुटले, अशी त्याची गोष्ट अजून चवीने सांगतात. उरलेली त्याने मोडीत काढली, पण काही मस्टँग ठेवली. त्यांच्या पंखांच्या पोकळीतच इंधन भरता येईल अशी सोय केली, पत्र्याचे सांधे बुजवून वरून घोटून गुळगुळीत केलं आणि १९४६, ४७, ४८ अशी सलग तीन वर्षं बेंडिक्स ट्रॉफी जिंकली. ही अमेरिकेच्या एका टोकाहून निघून क्लीव्हलंडपर्यंत मारायची लांब पल्ल्याची शर्यत होती.

दुसरा रस्ता आपल्याला ओळखीचा वाटेल. ज्या देशांना नवी विमानं परवडत नव्हती, त्यांच्याकडे जुनी टिकली. डॉमिनिकन रिपब्लिकच्या वायुदलात मस्टँग १९८४ पर्यंत होती. ब्रह्मदेशाकडे सी फ्युरी होती. इराककडच्या फ्युरी १९७९ मध्ये दोन अमेरिकन संग्राहकांनी घाऊक उचलून जहाजाने फ्लोरिडाला नेल्या आणि त्यांतल्या काही पुढे शर्यतीत उतरल्या. श्रीमंताघरी दर दिवाळीला नवी भांडी येतात. आजीच्या काळातलं पितळी पातेलं बघायचं तर काटकसरीच्या घरीच जावं लागतं.

३. मग रेनो कुठून आलं? क्लीव्हलंड का थांबलं?

क्लीव्हलंड ही युद्धाआधीपासूनची पंढरी. १९२९ पासून तिथे राष्ट्रीय शर्यती होत, युद्धात खंड पडला आणि १९४६ ला परत सुरू झाल्या. आता मैदानात निवृत्त लढाऊ विमानं होती आणि त्यांचा वेग शहराला झेपेना. ५ सप्टेंबर १९४९ ला बिल ओडम या वैमानिकाचं मस्टँग वळणावर उलटलं आणि बेरिया या उपनगरात एका घरावर कोसळलं. घरातली आई आणि तिचं तान्हं मूल गेलं, ओडमही गेला. त्यानंतर क्लीव्हलंडला मोठ्या विमानांची शर्यत झाली नाही.

पुढची पंधरा वर्षं शुकशुकाट. मग बिल स्टेड या नेवाडातल्या गुरंवाल्या, पाण्यावरच्या वेगवान बोटी पळवणाऱ्या गड्याने १९६४ मध्ये आपल्या भागातल्या स्काय रँचच्या मातीच्या धावपट्टीवर शर्यत भरवली. पहिली मोठी शर्यत मीरा स्लोवाकने जिंकली, स्टेडच्याच मालकीच्या बेअरकॅटमध्ये. हा स्लोवाक मूळचा चेकोस्लोव्हाकियाचा. प्रवासी विमान घेऊन थेट पश्चिमेकडे पळून आलेला. १९६६ पासून शर्यत रेनोच्या उत्तरेच्या, वायुदलाने सोडलेल्या तळावर हलली. तळाला नाव बिलच्या भावाचं, क्रॉस्टन स्टेडचं, जो १९४९ मध्ये विमान अपघातात गेला होता. आणि त्याच १९६६ मध्ये, फ्लोरिडात एका छोट्या रेसर विमानात, बिलही गेला.

४. शर्यत चालते कशी?

आपल्याकडे बैलगाडा शर्यतीत घाटाच्या दोन्ही अंगांना माणसं असतात. रेनोला सगळे एकाच बाजूच्या स्टँडमध्ये असायचे आणि समोर नुसतं वाळवंट, मधूनमधून करडी झुडपं. त्या वाळवंटात टेलिफोनच्या खांबांसारखे उंच खांब उभे केलेले असायचे आणि प्रत्येकाच्या डोक्यावर रंगवलेली पिंपं. हे पायलॉन. विमानाने त्यांच्या बाहेरून वळसा घालायचा; आतून कापलं की दंड. सगळ्यात मोठ्या, म्हणजे अनलिमिटेड गटाची एक फेरी साधारण आठ मैलांची, तेरा किलोमीटरच्या आतबाहेर. उंची किमान पन्नास फूट. पाच मजली इमारतीच्या गच्चीएवढी समजा.

सुरुवात जमिनीवरून होत नाही. सगळी विमानं आकाशात एका रांगेत, एका पेस विमानाच्या पंखाला पंख लावून येतात. पेस विमानाचा वैमानिक रांग सरळ झालीय ना बघतो, रेडिओवर शर्यत सुरू झाल्याचं सांगतो आणि स्वतः वर निघून जातो. बरीच वर्षं हे काम बॉब हूव्हर हा नामवंत वैमानिक करायचा. मग आठ विमानं डोंगराच्या उतारावरून खाली झेपावतात. आवाज आधी छातीत लागतो, कानात नंतर.

पेस विमान वर गेलं तरी घिरट्या घालत राहतं. कुणाचं इंजिन बसलं की तो वैमानिक वेगाच्या बदल्यात उंची कमावतो, सरळ वर चढतो आणि पेसवाला त्याच्या बाजूला येऊन त्याचं विमान बाहेरून न्याहाळतो: तेल गळतंय का, चाकं नीट खाली आलीत का. मला या शर्यतीतला सगळ्यात देखणा भाग हाच वाटतो.

५. विमानात बदल काय काय करतात?

इथे जरा सविस्तर लिहितो, कारण पुढच्या सगळ्या गोष्टी यातून निघतात.

आधी बाहेरून. पंखांची टोकं कापतात. वैमानिकाच्या डोक्यावरची मोठी काच काढून इतकी बुटकी बसवतात की आत माणूस बसतो की नुसतं डोकं ठेवतो असा प्रश्न पडावा. बंदुका, चिलखत, युद्धाचे रेडिओ सगळं बाहेर. पत्र्याची प्रत्येक फट भरून, घासून, रंगवून काचेसारखी करतात.

खरी करामत इंजिनात. मस्टँगमधलं मर्लिन हे २७ लिटरचं, १२ सिलिंडरचं इंजिन. सिलिंडरमध्ये हवा किती दाबाने कोंबली जाते ते पाऱ्याच्या इंचात मोजतात. समुद्रसपाटीला बाहेरच्या हवेचा दाब साधारण ३० इंच. मूळ मर्लिन टेकऑफला ६१ इंचांवर चालायचं, शत्रू शेपटाला लागला तर जेमतेम काही मिनिटं ६७. रेनोतली मस्टँग १२० च्या पुढे जायची, काही तर १४० पर्यंत. मूळ दीड हजाराच्या जवळपासची अश्वशक्ती तीन हजारांच्या वर जाते. एवढ्या दाबाने सिलिंडरमधलं मिश्रण ठिणगी पडायच्या आधीच पेटू नये म्हणून पाणी आणि मिथेनॉलचा फवारा आत सोडतात. रेडिएटरवरही पाणी फवारतात, त्याची वाफ होऊन उष्णता घेऊन जाते. मस्टँगच्या मागे पांढरी रेघ दिसते ती हीच वाफ, धूर नव्हे. मला पहिल्या दिवशी वाटलं, विमान पेटलं.

मूळ मर्लिनचे कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेले दांडे, हा भार पेलत नाहीत. म्हणून मेकॅनिक मंडळी ॲलिसन इंजिनाचे रॉड बसवतात. युद्धकाळात ॲलिसन हे मर्लिनचं सवतीसारखं इंजिन. मस्टँगमधून त्याला काढून मर्लिन आलं होतं. आता सवतीच्याच हाडांवर मर्लिन उभं आहे. हेड आणि सिलिंडर ब्लॉक युद्धानंतरच्या प्रवासी विमानांसाठी बनलेल्या जास्त दणकट मर्लिनचे घेतात.

सी फ्युरीवाले वेगळ्या वाटेने गेले. मूळचं ब्रिटिश सेंटॉरस इंजिन काढून मोठं अमेरिकन इंजिन घालायचं. सँडर्स कुटुंबाच्या ‘ड्रेडनॉट’मध्ये २८ सिलिंडरचं, ७१ लिटरचं इंजिन आहे. ब्रह्मदेशाच्या वायुदलातलं दोन आसनी शिकाऊ विमान होतं ते. १९८३ मध्ये रेनो जिंकलं.

६. एवढं पिळल्यावर इंजिन टिकतं का?

नाही. टिकवायचा उद्देशही नसतो, आठवडा निघाला तरी पुष्कळ.

२०१९ ला मी पिट्समध्ये, म्हणजे विमानं दुरुस्त करून तयार ठेवतात त्या आवारात, संध्याकाळी फिरत होतो. एका सी फ्युरीखाली स्वयंपाकघरातल्या परातींसारखे पत्र्याचे ट्रे मांडलेले होते आणि त्यात तेल टपटपत होतं. गोल इंजिनं, म्हणजे सिलिंडर वर्तुळात मांडलेली, तेल गाळतातच. गाळायची थांबली तर टाकी रिकामी झाली समजावं, असा तिथला जुना विनोद. शेजारच्या मस्टँगचा मेकॅनिक तेलाची गाळणी काढून बसला होता. पांढऱ्या फडक्यावर गाळणी उपडी केली, बॅटरीचा झोत धरला आणि बोटाने चुरा पसरून बघू लागला. बेअरिंगच्या धातूचे चमकदार कण दिसले की उद्याची शर्यत गेली. मागे चौघं जण उभे होते, कुणी बोलत नव्हतं. लग्नाची पत्रिका जुळते का बघायला गुरुजी बसलेत आणि घरचे श्वास रोखून उभे आहेत, थेट तसं. त्याने फडकं घडी करून खिशात घातलं आणि मान हलवली. चालेल.

७. सगळ्यात वेगवान कोण?

आधी थोडा इतिहास. १९३९ च्या एप्रिलमध्ये जर्मनीच्या फ्रिट्झ वेंडेलने मेसरश्मिटच्या विमानात ताशी ७५५ किलोमीटरचा विक्रम केला. पंख्याच्या विमानांमध्ये तो तीस वर्षं कुणाला मोडता आला नाही. १६ ऑगस्ट १९६९ ला डॅरिल ग्रीनअमायरने आपल्या ‘काँक्वेस्ट वन’ या बेअरकॅटमधून ७७७ गाठले. हा माणूस एरवी लॉकहीडचा चाचणी वैमानिक.

मग १९७९ च्या ऑगस्टमध्ये स्टीव्ह हिंटनने ‘रेड बॅरन’ या मस्टँगमध्ये ८०३. त्यात मर्लिनऐवजी ग्रिफन हे त्याहून मोठं इंजिन होतं आणि पुढे एकमेकांच्या उलट फिरणारे दोन पंखे. जेमतेम महिन्याभरात रेनोला ते विमान कोसळलं आणि त्याचे तुकडे तुकडे झाले. हिंटन वाचला.

२१ ऑगस्ट १९८९ ला लाइल शेल्टनने ‘रेअर बेअर’ या बेअरकॅटमध्ये ८५० चा आकडा लावला. हा विक्रम अठ्ठावीस वर्षं कुणी ओलांडला नाही. २ सप्टेंबर २०१७ ला आयडाहोमध्ये ‘व्हूडू’ नावाच्या मस्टँगने ८५५ केले, पण वजनाच्या वेगळ्या गटात, त्यामुळे खरा राजा कोण यावर अजून वाद घालता येतो. व्हूडूचा वैमानिक होता स्टीव्ह हिंटन ज्युनियर. त्याच हिंटनचा मुलगा.

हे सगळे सरळ रेषेतले विक्रम. खांबांभोवतीच्या शर्यतीत २००३ मध्ये ‘डॅगो रेड’ या मस्टँगने ताशी ५०७ मैल, म्हणजे ८१६ किलोमीटर सरासरी दिली.

८. रेअर बेअरची गोष्ट काय आहे? सगळे तिचंच नाव घेतात.

१९६९ मध्ये लाइल शेल्टनला इंडियानातल्या व्हॅल्परेझो इथे शेताच्या कडेला एका बेअरकॅटचा सांगाडा सापडला. १९६२ मध्ये अपघात होऊन उताणं पडलेलं विमान. इंजिन नाही, पंखा नाही, ज्याला जे हवं ते लोकांनी काढून नेलेलं. शेल्टन नौदलातला जुना वैमानिक, तेव्हा विमान कंपनीत नोकरीला. त्याने ते कलेवर उचललं आणि त्यात मूळच्यापेक्षा कितीतरी मोठं, १८ सिलिंडरचं राइट ३३५० इंजिन बसवलं. त्याच वर्षी ते रेनोत उतरलंही. १९७३ आणि ७५ ला जिंकलं, मग १९८८ ते ९१ सलग चार वर्षं.

माझं सांगणं काय ते या एका विमानात आहे. शर्यतीचं खूळ नसतं तर तो सांगाडा वितळवून कुणाच्या खिडकीचे अॅल्युमिनियमचे सेक्शन झाले असते. शर्यतीने त्याला वाचवलं. पण जे वाचलं ते अमेरिकन नौदलाचं बेअरकॅट राहिलं का? इंजिन दुसऱ्या जातीचं, पंख कापलेले, डोकं बुटकं.

९. ही इंजिनं भारतात कुठे बघायला मिळतील?

गोव्यात! हा प्रश्न विचारणाऱ्याला मी नेहमी आनंदाने उत्तर देतो. दाबोळी विमानतळाजवळ बोगमाळोला नौदलाचं विमान संग्रहालय आहे. बाहेर अंगणात लॉकहीड सुपर कॉन्स्टेलेशन हे जुनं चार इंजिनांचं विमान उभं आहे. आधी एअर इंडियाचं, मग वायुदलाचं, मग नौदलाचं. त्याच्या चारी पंख्यांमागे राइट ३३५० आहेत, रेअर बेअरच्या पोटात जे गेलं त्याच घराण्यातली. तिथेच एक छोटं फेअरी फायरफ्लाय आहे. त्याचं इंजिन ग्रिफन. रेड बॅरनमध्ये जे होतं त्याचंच भावंड.

लोक बीचवरून परतताना अर्धा तास जातात, कॉन्स्टेलेशनसमोर सेल्फी काढतात आणि निघतात. जरा इंजिनाच्या तोंडाशी जाऊन उभे राहा. खाऱ्या वाऱ्याने काय होतं तेही दिसेल.

१०. २०११ चा अपघात कसा झाला?

‘गॅलपिंग घोस्ट’ हे मस्टँग १९४६ ला क्लीव्हलंडमध्ये धावलं होतं. पुढे नावं आणि मालक बदलत ‘जीनी’ झालं आणि त्या नावाने १९८० व ८१ ला रेनो जिंकलं. नंतर सत्तरी ओलांडलेल्या जिमी लीवर्ड या वैमानिकाने ते पुन्हा मैदानात आणलं, जुनंच नाव देऊन. पंख आखूड केले, पोटाखालचा रेडिएटरचा डबा काढून टाकला, आणि ते पूर्वी कधी गेलं नव्हतं एवढ्या वेगाने पळू लागलं.

१६ सप्टेंबर २०११. शेपटीच्या आडव्या पंखाला मागे एक छोटी फळी असते, विमानाचं नाक वरखाली होऊ नये म्हणून. ती बसवणारे स्क्रू ज्या नटांत घट्ट धरलेले असतात ते नट जुने होते आणि त्यांची पकड गेली होती. फळी थरथरू लागली, तिचा सांधा तुटला आणि विमान क्षणार्धात वर उसळलं. लीवर्डच्या अंगावर स्वतःच्या वजनाच्या सतरा पटींहून जास्त भार आला, म्हणजे तो शुद्धीतच राहिला नसणार. विमान प्रेक्षकांच्या पुढ्यात आदळलं. लीवर्ड आणि दहा प्रेक्षक गेले, साठहून जास्त जखमी झाले. चौकशीत जुन्या नटांबरोबर हेही आलं की एवढे मोठे बदल करून त्या वेगाला विमानाची नीट चाचणीच झाली नव्हती.

यातलं मला सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच. १९९८ ला हेच व्हूडूला झालं होतं. तीच फळी तुटली, विमान उसळलं, वैमानिक बॉब हॅना बेशुद्ध झाला. हा मोटोक्रॉसचा गाजलेला चँपियन. शुद्धीवर आला तेव्हा विमान नऊ हजार फुटांवर होतं आणि त्याने ते सुखरूप उतरवलं. तेरा वर्षं हा इशारा सगळ्यांना तोंडपाठ होता. पिट्समध्ये रंगवून रंगवून सांगितला जायचा.

११. नवंच विमान का बांधत नाहीत?

बांधून पाहिलं. ‘त्सुनामी’ खास शर्यतीसाठी मर्लिनभोवती उभारलं होतं; १९९१ मध्ये घरी परतताना कोसळलं आणि मालक जॉन सँडबर्ग गेला. बर्ट रुटानने आखलेलं ‘पाँड रेसर’ निसानच्या दोन इंजिनांवर चालायचं, हेतू हाच की जुनी लढाऊ विमानं शर्यतीत मरू नयेत. १९९३ मध्ये तेही गेलं, सोबत वैमानिक रिक ब्रिकर्टही.

१२. शर्यतीतून निवृत्त झालेल्या विमानाचं पुढे काय होतं?

कुणाचं सोनं होतं, कुणाची राख. सोनं झालेली वॉशिंग्टनजवळच्या उडवार-हेझी केंद्रात, म्हणजे स्मिथसोनियन या अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या शाखेत आहेत. काँक्वेस्ट वन तिथेच आहे, रेसरच्या रूपात. पॉल मँट्झचं एक मस्टँगही तिथेच. ते पुढे चार्ल्स ब्लेअरने घेतलं, ‘एक्स्कॅलिबर थ्री’ नाव ठेवलं आणि १९५१ च्या मे महिन्यात नॉर्वेहून उत्तर ध्रुवावरून अलास्काला एकट्याने नेलं. पंखात इंधन भरायची मँट्झची युक्ती नसती तर ते एवढ्या लांब गेलं नसतं. युद्धात न लढलेलं, शर्यतीसाठी बदललेलं विमान थेट राष्ट्रीय संग्रहालयात. मला हे फार आवडतं.

काही पडली. संग्रहालयाच्या मालकीचं ‘सुपर कॉर्सेअर’ १९८५ ला रेनो जिंकलं आणि १९९४ मध्ये फिनिक्सजवळ शर्यतीत पेटलं. वैमानिक पॅराशूटने उतरला, विमान गेलं. संग्रहालयांनी आपली विमानं पळवावीत का, ही चर्चा तेव्हापासून तिथल्या हँगरांत सुरू आहे.

आणि बरीच विमानं सुनेसारखी पुन्हा माहेरी गेली. म्हणजे कापलेले पंख परत पूर्ण केले, मोठी काच बसवली, कुठल्या तरी युद्धातल्या तुकडीचे रंग दिले. कारण उघड आहे. साठच्या दशकात सेकंडहँड गाडीच्या भावात मिळणारं मस्टँग आज दशलक्षांत डॉलर मोजून घ्यावं लागतं, आणि ही किंमत मूळ रूपाला मिळते. शर्यतीत इंजिन फुटलं तर फुटलेलं इंजिनच एका बंगल्याच्या किमतीचं. त्यामुळे शहाणे मालक पळवत नाहीत, वेडे पळवतात. वेडे कमी होत चालले आहेत.

१३. पण एवढे भाग बदलल्यावर ते ‘तेच’ विमान असतं का?

कायद्याने असतं, कारण विमानाची ओळख एका छोट्या धातूच्या पट्टीवर असते, तिच्यावर अनुक्रमांक कोरलेला. पट्टी आणि कागदपत्रं खरी असली की बाकी सगळा पत्रा नवा असला तरी चालतो. सदाशिव पेठेत जुना वाडा पाडून पाच मजली इमारत उभी राहते, आणि दारावर पाटी त्याच वाड्याची. पोस्टमन बरोबर पत्र टाकतो. आत मात्र आजोबांची ओसरी नसते.

माझं मत विचाराल तर: ज्या विमानाची कीर्ती शर्यतीत झाली, ते कापलेल्या पंखांसकट जपावं. त्याला खोटे युद्धाचे रंग देऊन कधी न लढलेल्या लढाईचं बिरुद लावणं मला पटत नाही. बरेच वॉरबर्डवाले याच्या अगदी उलट बोलतील.

१४. भारतीय वायुदलाच्या जुन्या विमानांचं काय झालं?

शर्यतीत आपलं नाव नाही, पण जतनाच्या गोष्टीत आहे आणि बऱ्यापैकी मोठं आहे. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे हॉकर टेंपेस्ट होती. सी फ्युरी ही टेंपेस्टच्याच वंशातली, आणि आपल्या टेंपेस्टमध्येही सेंटॉरस इंजिनच होतं. सत्तरच्या दशकात आपल्याकडून स्पिटफायर आणि टेंपेस्टचे सांगाडे ब्रिटिश संग्राहकांनी नेले. एक टेंपेस्ट आणि एक स्पिटफायर दिल्लीत पालमच्या संग्रहालयात आहे.

त्याहून भारी गोष्ट लिबरेटर बाँबफेकी विमानांची. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी ती कानपूरला टाकून दिली, आणि पुन्हा कुणी वापरू नयेत म्हणून मोडतोड करून टाकली. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्यातून एकेक जुळवून उडण्याजोगं केलं, बंगळुरूला नेऊन दुरुस्त केलं आणि आपल्या वायुदलाने ती १९६८ पर्यंत वापरली. जगात इतरत्र तोवर ती जवळपास संपली होती. म्हणून आज ॲरिझोनातल्या पिमा संग्रहालयात आणि ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात जी लिबरेटर आहेत, ती आपल्याकडून गेलेली.

रेनोत टी-६ नावाच्या शिकाऊ विमानांचा एक स्वतंत्र गट असायचा. आपल्याकडे त्याचं नाव हार्वर्ड. आपल्या वैमानिकांच्या कित्येक तुकड्या त्यावर शिकल्या आणि वायुदलाच्या विंटेज ताफ्यात एक आजही आहे.

१५. रेनो बंद का झालं?

विमा महागला, भोवती गोदामं आणि घरं वाढली, विमानतळालाही इतर कामं दिसू लागली. २०२३ च्या मार्चमध्ये जाहीर झालं की सप्टेंबरची शर्यत तिथली शेवटची. मी ठरवूनही जाऊ शकलो नाही, घरी बसून बघत होतो. १७ सप्टेंबरला, अखेरच्या दिवशी, टी-६ गटाची अंतिम फेरी झाली आणि उतरताना दोन विमानं एकमेकांवर आदळली. दोन्ही वैमानिक, निक मेसी आणि क्रिस रशिंग, गेले. पुढच्या शर्यती रद्द झाल्या. साठ वर्षांच्या परंपरेतली शेवटची अनलिमिटेड फायनल झालीच नाही.

२०२४ मध्ये न्यू मेक्सिकोतलं रॉझवेल नव्या जागेसाठी निवडलं गेलं, सप्टेंबर २०२५ पासूनसाठी. उडत्या तबकड्यांमुळे जगाला माहीत झालेलं गाव. तिथल्या विमानतळावर निवृत्त प्रवासी विमानं रांगेने मोडीत निघायची वाट बघत उभी असतात, त्यामुळे शर्यतीच्या विमानांना शेजार बरा मिळाला आहे.

१६. भारतात अशी शर्यत होईल का?

नाही वाटत. १९३० च्या सुमारास आगा खान यांनी इंग्लंड आणि भारत यांच्यात, कुठल्याही दिशेने, एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. जे. आर. डी. टाटा भारतातून निघाले होते आणि वाटेत इजिप्तमध्ये, इंग्लंडहून येणारा ॲस्पी इंजिनिअर स्पार्क प्लगसाठी अडकून पडलेला भेटला. जेआरडींनी आपल्याकडचे प्लग त्याला दिले. बक्षीस ॲस्पीने नेलं, पुढे तो वायुदलप्रमुखही झाला. ती छोटी मॉथ विमानं होती, लढाऊ नव्हेत. तरी शर्यतीचा आपला वारसा सांगायचाच तर मी हा सांगतो.

१७. मुलांना घेऊन जाऊ का? काय न्यावं?

न्या. कानात घालायचे बोळे न्या, लहानांसाठी वरून हेडफोनसारखे मफही. टोपी, पाणी, उन्हाचं क्रीम. पिट्समध्ये जायचा पास वेगळा काढावा लागत असेल तर काढाच, स्टँडमधून दिसतं त्याच्या दुप्पट तिथे दिसतं. आणि पांढरा शर्ट घालू नका. मी घातला होता. सी फ्युरीखालून वाकून बघताना खांद्यावर पडलेला तेलाचा थेंब अजून गेलेला नाही.